सामाजिकरण, समाजीकरण की सामाजिकीकरण?

समाजशास्त्राच्या पेपरची तयारी करणाऱ्या, नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसणाऱ्या वाचकाची शंका अशी: 'सोशलायझेशन'ला, म्हणजे समाजात वागायला शिकण्याच्या प्रक्रियेला, एका पुस्तकात 'सामाजिकरण', दुसऱ्यात 'सामाजीकरण', तिसऱ्यात 'समाजीकरण' आणि शिकवणीच्या टिपणांत 'सामाजिकीकरण' म्हटले आहे. उत्तरपत्रिकेत कोणते लिहावे?

सामाजिकीकरण लिहावे. पहिले दोन शब्द घडणीतच फसलेले आहेत. 'समाजीकरण' शुद्ध आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचे नाव व्हायला हवा.

हे सगळे शब्द संस्कृतातल्या 'च्वि' प्रत्ययाने होतात. आधी जे तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे, हा त्याचा अर्थ. व्याकरणात याला अभूततद्भाव म्हणतात. प्रत्यय स्वतः दिसत नाही, मागे खूण ठेवून जातो: शब्दाच्या शेवटच्या 'अ'चा 'ई' होतो. शुद्ध–शुद्धीकरण, आधुनिक–आधुनिकीकरण. म्हणून तपासायची रीत सोपी आहे. 'करण' काढा, उरलेल्या 'ई'चा 'अ' करा आणि जो शब्द हाती येईल त्याला 'होणे' लावून वाक्य करा. पाणी शुद्ध होते. यंत्रणा आधुनिक होते. जमले.

'सामाजीकरण'ला ही रीत लावली की हाती 'सामाज' येतो, आणि तसा शब्दच नाही. 'सामाजिकरण' ही जिभेची करामत आहे: 'की' आणि 'क' लागोपाठ आले की एक गिळला जातो. उरते ते 'सामाजिक' अधिक 'रण', जे गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला शोभेल, समाजशास्त्राला नाही. 'राष्ट्रीयकरण'ची गतही हीच. १९ जुलै १९६९ रोजी ज्या १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांत पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. त्या बँका 'राष्ट्रीय' झाल्या, म्हणून ते राष्ट्रीयीकरण. 'औद्योगीकरण'ही रूढ आहे खरे, पण 'औद्योग' कुठून आणायचा? प्रदेश औद्योगिक होतो, तेव्हा औद्योगिकीकरण.

आता खरा प्रश्न उरतो तो शुद्ध असलेल्या दोन शब्दांचा. मूल सामाजिक होते, म्हणून त्याचे सामाजिकीकरण. मूल 'समाज' होत नाही. अमेरिकी विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांची मांडणी डोळ्यांपुढे ठेवली की हे चांगले कळते. (त्यांचे यावरचे प्रसिद्ध पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९३४ साली, व्याख्यानांवरून तयार झाले.) मूल आधी एकेक भूमिका उसनी घेते: आपली भातुकली. आत्ता आई, घटकाभराने डॉक्टर, एका वेळी एकच. पुढे नियमांचे खेळ येतात. मीड बेसबॉलचे उदाहरण देतात. मराठी विद्यार्थ्याने खो-खोचे द्यावे, ते जास्त चपखल आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात. आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववा पळतो. त्याला मागे फिरता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. बसलेल्याला 'खो' मिळेपर्यंत उठता येत नाही, पण मिळताक्षणी कुठे पळायचे हे आधीच ठाऊक असावे लागते. म्हणजे बाकी सगळ्यांच्या जागा आणि हालचाली त्याच्या डोक्यात एकाच वेळी हव्यात. समोर कोणी नसतानाही 'सगळे काय अपेक्षितात' हे मनात वागवायला लागणे, याला मीड 'सामान्यीकृत इतर' म्हणतात. (तो 'सामान्यीकृत'ही च्विचाच.) मूल सामाजिक झाले ते इथे.

'समाजीकरण'चा अर्थ, च्वि प्रामाणिकपणे लावला तर, जे समाज नव्हते ते समाज होणे. या प्रक्रियेलाही नाव लागतेच. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांच्या १९०८च्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच ते आहे, 'फेरगेझेलशाफ्टुंग'. त्यांच्या मते समाज ही तयार वस्तू नाही. माणसे एकमेकांशी वागतात तेव्हा तो घडत राहतो. एकत्र जेवणे, पत्र लिहिणे, अनोळखी माणसाला रस्ता विचारणे, एवढ्यानेही. (इथे पत्ता विचारू नये, अशी पाटी लावणाऱ्या पुणेकराने झिमेलना किती अडचणीत आणले असेल!) इंग्रजी अनुवादकांना यासाठी 'सोसिएशन' असा वेगळा शब्द करावा लागला. मराठीत 'समाजीकरण' आयता आहे. तो बालसंगोपनाच्या प्रकरणात खर्ची घालणे ही चैन झाली.

याच कुळातला 'संस्कृतीकरण' (सॅन्स्क्रिटायझेशन) मात्र रीत वापरूनही चकवतो, कारण च्विमुळे शेवटची 'इ'सुद्धा दीर्घ होते. त्यामुळे 'संस्कृत'पासून आणि 'संस्कृति'पासून एकच रूप मिळते. यातूनच 'संस्कृतीकरण म्हणजे सुसंस्कृत होणे' असे लिहून गुण जातात. भारतीय समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या कूर्गवरच्या १९५२च्या ग्रंथात मांडलेली संकल्पना अशी: खालची मानली गेलेली जात वरच्या जातींचे विधी, आहार, चालीरीती उचलते आणि एक-दोन पिढ्यांत वरच्या स्थानावर हक्क सांगते. 'ब्राह्मणीकरण' हा शब्द त्यांनी बाजूला ठेवला, कारण आदर्श दर वेळी ब्राह्मणच असतो असे नाही. जातीचे स्थान हलते, उतरंड तशीच राहते. उत्तरात हे वाक्य हवेच.

एक जोडशब्द राहिला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नवा आलेला कॅडेट किंवा येरवड्याच्या तुरुंगातला नवा बंदी जुन्या सवयी सोडून नव्या अंगी बाणवतो, त्याला पुस्तके 'पुनर्सामाजिकीकरण' म्हणतात. 'पुनर्वसन'मध्ये पुढे 'व' आहे म्हणून रफार टिकतो. पुढे 'स' असला की विसर्गच राहतो. पुनःसामाजिकीकरण.