वाचकांचे प्रश्न: ईसीजी नॉर्मल, मग अटॅक कसा?

प्रश्न: माझी माय ५८ वर्षांची. कापूस वेचता वेचता जबडा अन् पाठ दुखून आली, घाम सुटला, ओकारी झाली. गावात पित्ताचं इंजेक्शन दिलं. तालुक्याला ईसीजी काढला, नॉर्मल म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी नागपूरला अटॅकच निघाला. मशीन खोटं बोलली काय? (एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर: मशीन खोटं बोलत नाही, पण ती जेमतेम दहा सेकंदांचंच सांगते. अटॅकच्या सुरुवातीला पट्टी अगदी साधी दिसू शकते. म्हणून त्रास थांबला नसेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढायचा असतो. एका पट्टीवर घरी पाठवणं ही पहिली चूक.

दुसरी चूक ब्लाउजच्या हुकापाशी होते. छातीवर सहा इलेक्ट्रोड लागतात. गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली सरकवलं की दोनेक इंचांवर हाडाचा आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी जुळते, तिच्याखालची फट ती दुसरी फट. तिथून मोजत चौथ्या फटीत यायचं. मधल्या हाडाच्या उजव्या कडेला व्ही-१, डाव्या कडेला व्ही-२. व्ही-४ पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली. बाईच्या बाबतीत ही जागा स्तनाच्या खाली येते, स्तनावर नाही. व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४च्या मधोमध, आणि व्ही-५, व्ही-६ व्ही-४च्याच पातळीत काखेकडे.

प्रत्यक्षात काय होतं? तंत्रज्ञ पुरुष, खोलीला पडदा नाही, बाहेर रांग. बाई हुक काढत नाही, तोही सांगत नाही. मग व्ही-१, व्ही-२ दोन फटी वर चिकटतात आणि बाकीचे ब्लाउजच्या काठाकाठाने. अशा पट्टीत कधीच न आलेला ‘जुना अटॅक’ दिसतो, नाहीतर आज आलेला लपून जातो. यावर महागडं काही लागत नाही. एक पडदा, सोबत एक परिचारिका, हुक सोडून वरून पदर, आणि हाताच्या पाठीने स्तन उचलून खाली इलेक्ट्रोड. घाम आधी पुसायचा. जेली थेंबभरच लावायची. सलग फासली तर शेजारचे दोन रबरी फुगे एकच होऊन बसतात. बांगड्या उतरवायची गरज नाही, वर सरकवल्या की क्लॅम्प कातडीला नीट लागतो. पाठ दुखत असेल तर पाठीमागून व्ही-७ ते व्ही-९ काढायला सांगा. त्याच वायरी लागतात, जागा तेवढी बदलते.

अटॅकमध्ये बायकांच्या छातीत दुखतच नाही, हाही गैरसमजच. त्यांच्यातही छातीचं दुखणंच जास्त आढळतं. पण जोडीला दम, मळमळ, जबडा, पाठ, थकवा जास्त वेळा असतो, आणि ती सांगताना ‘जीव घाबरून राहिला’ एवढंच म्हणते. केसपेपरवर ‘गॅसेस’ लिहिलं जातं ते तिथे.

आता ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. दुखणं सुरू झाल्यावर साध्या किटवर हा आकडा दिसायला तीन ते सहा तास जातात, त्यामुळे पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी दुसरी हवी. एका प्रचलित अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-आय चाचणीत बाईसाठी मर्यादा १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे, पुरुषासाठी ३४. रिपोर्टवर दोघांसाठी २६ अशी एकच रेघ असेल तर २० आलेली बाई ‘नॉर्मल’ ठरते. हार्ट अटॅकच्या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही वेगवेगळ्या मर्यादा सांगितल्या आहेत. तरी नुसती रेघ बदलून भागत नाही. स्कॉटलंडमध्ये ४८ हजारांवर रुग्णांवर हे करून पाहिलं. पूर्वी सुटणारे जे रुग्ण नव्याने सापडले, त्यात पुरुषांच्या पाचपट बायका होत्या. पण त्यांना उपचार पुरुषांच्या निम्म्यानेच मिळाले, आणि वर्षभरात त्यांच्या तब्येतीत फरक पडला नाही.

प्रश्न: बाबा अटॅकनंतर ॲस्पिरिन घेतात. ‘रक्त पातळ राहील’ म्हणून आईलाही सुरू करू का? वय ५०, आजार काही नाही. (एक वाचक, मोर्शी)

उत्तर: नको. ही सवय ज्या अभ्यासाने रुजवली त्यात २२,०७१ डॉक्टर होते, सगळे पुरुष. पुढे ३९,८७६ बायकांवर दहा वर्षं तपासलं आणि २००५ साली निकाल आला: पहिला अटॅक एकंदरीत टळला नाही, पक्षाघात काहीसा कमी झाला, पोटातला रक्तस्राव वाढला. आज निरोगी पुरुषालाही ती सरसकट देत नाहीत. बाबांची मात्र बंद करू नका. अटॅक येऊन गेल्यावर ती दोघांनाही लागते. आणि घरात कुणाला अटॅकची शंका आली तर ॲस्पिरिनच्या ७५ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या चावून खायला द्या (ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर) आणि १०८ला फोन करा. न चावता गिळली तर वरच्या आवरणामुळे तिला वेळ लागतो.

प्रश्न: वहिनी ५४ वर्षांची, हृदयाचं पंपिंग २५ टक्के. ईसीजीत डावा ब्लॉक, क्यूआरएस १४०. डॉक्टर तीन वायरींची पेसमेकरसारखी मशीन म्हणतात. ओळखीतले म्हणतात १५०च्या खाली उपयोग नाही. कोणाचं ऐकावं? (एक वाचक, चिमूर)

उत्तर: डॉक्टरांचं. क्यूआरएस म्हणजे ठोक्याचा विजेचा संदेश हृदयाच्या खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. डाव्या ब्लॉकमध्ये तो डावीकडे उशिरा पोचतो, म्हणून हृदयाची डावी भिंत उशिरा आकुंचन पावते. तिसरी वायर तिला बाकीच्यांबरोबर आणते. १५० हा आकडा ज्या चाचण्यांतून आला त्यात बहुतेक पुरुष होते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) तीन चाचण्यांमधले ४,०७६ रुग्ण एकत्र करून २०१४ साली पाहिलं (बायका २२ टक्केच होत्या). डावा ब्लॉक आणि क्यूआरएस १३० ते १४९ असलेल्या बायकांत हृदय निकामी होणं किंवा मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाला. त्याच गटातल्या पुरुषांना म्हणण्यासारखा फायदा नव्हता. बाईचं हृदय लहान, तिचा नेहमीचा क्यूआरएसही अरुंद; तिच्यासाठी १४० हे बरंच रुंद झालं. अट दोनच: ब्लॉक खराखुरा डावाच असावा, आणि आधी तीन महिने पूर्ण औषधं घेऊन पंपिंग पुन्हा मोजलेलं असावं.

वायर टाकताना फुप्फुसाला इजा होणं किंवा हृदयाला टोक लागणं बायकांत थोडं जास्त घडतं, म्हणून नंतरचा छातीचा एक्स-रे पाहिल्याशिवाय सुट्टी घेऊ नका. मशीन कुठे बसेल हे आधीच ठरवा. ती बहुधा डाव्या खांद्याखाली असते, आणि फवारणी पंपाचा पट्टा नेमका तिथेच घासतो. पाठीवर पंप घेणाऱ्या बाईने हे शस्त्रक्रियेआधीच सांगावं. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेपासून कायम दूर राहायचं. खर्चाचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तो सांगेल.

प्रश्न: आमच्याकडच्या बारीक बायकांचा बीपी ८८/५६ असाच येतो. पट्टा मोठा पडतो म्हणून काय? (आरोग्यसेविका, धारणी)

उत्तर: थोडंफार, पण सगळा दोष पट्ट्याचा नाही. खांद्याचं हाड ते कोपर यांच्या मध्यावर टेपने दंड मोजा. २२ ते २६ सेंमीला छोटा पट्टा, २७ ते ३४ला नेहमीचा. छोट्याच्या जागी नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी ३.६ने कमी येतो, असं २०२३च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. म्हणजे ८८चा खरा ९२ होईल, १२० होणार नाही. अशा बाईचं हिमोग्लोबिन आणि पाणी किती पितात ते पाहा. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र तेवढाही फरक महाग पडतो. पट्टा १३८ दाखवत असेल तर खरा आकडा १४०च्या पलीकडे असू शकतो. ब्लाउजची बाही वर गुंडाळून फास करू नका, हात बाहेर काढा. पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या पातळीला, आणि मोजताना लेकराबाळांची चौकशी नको.