डोळा, कान आणि शेपटीचा गोंडा

वाचकांचे फोटो, आमची उत्तरं

सिंहाचे फोटो पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पुढचा महिनाभर दुसरं काही बघायला फुरसत मिळाली नाही. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यांच्या फोटोवरून इतरांनाही काही हाती लागेल अशी थोडी पत्रं निवडली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत. माझ्या स्वतःच्या चुकांना मात्र ही सवलत दिलेली नाही.

प्रश्न : ताई, ऑगस्टमध्ये मसाई मारात (केनियात) हा नर सिंह मिळाला. मित्रांच्या ग्रुपवर टाकला. एकजात सगळे 'अप्रतिम', 'कडक', 'राजा तो राजाच'. एकाने तेवढं लिहिलं, 'शेपूट कापलीस.' शेपटीने एवढं काय बिघडतं? फोटो सोबत आहे. स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

उत्तर : राग येणार आहे, पण सांगते. शेपटीने बिघडतं. मांजरकुळात शेपटीच्या टोकाला गोंडा असलेला प्राणी हा एकटाच. तुम्ही शेपूट गोंड्याच्या चार बोटं अलीकडे कापली आहे. घ्यायची तर पूर्ण घ्या, नाहीतर सरळ चेहरा आणि खांदे एवढंच ठेवा. अर्धवट कापलेली शेपूट म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, फोटो काढणाऱ्याचं लक्षच नव्हतं.

पण तुमचा मित्र शेपटीवर थांबला. मी पुढे जाते. हा फोटो भर दुपारचा आहे. ऊन डोक्यावर असलं की सिंहाच्या भुवईची सावली थेट डोळ्यांवर पडते. तुमच्या सिंहाचे डोळे म्हणजे दोन काळ्या खाचा झाल्यात, चमकेचा ठिपकासुद्धा नाही. ते तुम्हालाही खटकलं असणार, कारण नंतर संगणकावर सावल्या उजळल्या आहेत. त्या उजळताना रंगही ओढलेत. गवत हळदीचं झालंय आणि आयाळ भगवी. आयाळीच्या रंगाशी असा खेळ करू नये हो. काळपट आयाळीचा नर सिंहिणींच्या जास्त मनात भरतो, हे टांझानियाच्या सेरेंगेटीत पेटन वेस्ट आणि क्रेग पॅकर या अभ्यासकांनी खोटे सिंह उभे करून, त्यांना वेगवेगळ्या आयाळी चढवून तपासलं होतं. २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयाळ ही त्या नराची पत आहे. ती आपण स्लायडरने ठरवायची नाही.

आता खरी गोष्ट. तुमचा फोटो मोठा करून पाहत होते. उजव्या कडेला, गवतात, दोन काळे ठिपके दिसले. आधी वाटलं दगड. मग कळलं, कान आहेत. सिंहाच्या कानांच्या मागच्या बाजूला काळे पट्टे असतात. ते दिसतायत म्हणजे तिथे गवतात दुसरा सिंह, बहुधा सिंहीण, तुमच्याकडे पाठ करून बसली आहे आणि समोर काहीतरी न्याहाळते आहे. तुमचा नरही उजवीकडेच बघतोय, त्याच दिशेला. ऑगस्टमध्ये मारात विल्डबीस्टचे, म्हणजे सिंहाच्या आवडत्या शिकारीचे, कळप असतात. तिकडे काय होतं? तुम्ही पाहिलंत का? की व्ह्यूफाइंडरमध्ये आयाळ भरली आणि बाकीचं जग संपलं?

फ्रेम तुम्ही नंतर उजवीकडून कापली आहे असं दिसतं. मूळ फ्रेम पाठवा. माझा अंदाज बरोबर असेल तर चांगला फोटो तुमच्याकडेच आहे, तुम्ही तो कापून फेकलाय.

प्रश्न : गीरला दोनदा गेले. दोन्ही वेळा सिंह लोळत पडलेले. जिप्सीतून चाळीस फोटो काढले, सगळे पोती पडल्यासारखे. सोबतच्या लोकांना चालणारा सिंह मिळाला. माझं नशीबच फुटकं का?

उत्तर : नशीब नेहमीचंच आहे. सिंह दिवसाचे वीस-वीस तास पडून काढतो. त्याच्याकडे तीन तासांच्या फेरीत जाऊन 'ऊठ, चाल' म्हणण्यात अर्थ नाही.

२०१४ साली 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत सर्वोच्च बक्षीस मिळालेला फोटो आठवा. मायकेल निकोल्स यांचा, सेरेंगेटीतला. उघड्या माळावरच्या खडकावर वुम्बी कळपाच्या पाच सिंहिणी पिल्लांसह पसरल्या आहेत. धावपळ नाही, रक्त नाही. इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात काढलेला, कृष्णधवल. निकोल्स त्या कळपामागे काही महिने होते, म्हणून सिंहिणींना त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. 'झोपलेले सिंह, काय फोटो काढायचा' म्हणणाऱ्यांना मी आधी तो फोटो बघायला सांगते.

तुमच्या चाळीसपैकी सतरावा आणि अठ्ठाविसावा मी बाजूला काढले. सतराव्यात नराच्या पोटाखालची कातडीची घडी छान दिसते. आपल्या गीरच्या सिंहाची ती खूण, आणि डोक्यावरची आयाळ विरळ म्हणून कान उघडे दिसतात, ही दुसरी. आफ्रिकेतला सिंह आणि हा, यांतला फरक लोळणाऱ्या सिंहात जितका निवांत दाखवता येतो तितका चालणाऱ्यात नाही. अठ्ठाविसाव्यात एका सिंहिणीचा पंजा दुसरीच्या मानेवर आहे. तो पंजा तुम्हाला दिसला होता का? दिसला असता तर तुम्ही फोकस झाडाच्या बुंध्यावर ठेवला नसता.

पोत्यासारखं दिसण्याचं दुसरं कारण उंची. जिप्सीत उभं राहून खाली बघत फोटो काढला की सिंह जमिनीला चिकटतो. खाली उतरता येत नाही, उतरायचंही नाही. पण बसून काढता येतो. आणि सिंह जरा लांब असेल तर तक्रार करू नका, कारण लांबून लेन्सचा कोन आपोआप खाली येतो आणि नजर नजरेला भिडते. सगळ्यांना जवळचा सिंह हवा असतो. मला विचाराल तर तीस-चाळीस मीटरवरचा बरा.

पुढच्या वेळी दुपारची फेरी घ्या आणि एकाच कळपापाशी शक्य तेवढं थांबा. ऊन उतरलं की आधी एक डोकं वर येतं, मग जांभया, मग आळस, मग एकमेकांना चाटणं. चालणारा सिंह मिळतो तो असाच. १६ जून ते १५ ऑक्टोबर गीर बंद असतं, हे माहीत असेलच. या काळात ते चाळीस फोटो पुन्हा बघा.

प्रश्न : 'गर्जना' या शीर्षकाचा माझा फोटो शाळेच्या प्रदर्शनात लागला. माझ्या विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर विचारलं, 'सर, हा ओरडतोय की जांभई देतोय?' तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : विद्यार्थ्याला माझ्याकडून शाबासकी सांगा. जांभई आहे. डोळे मिटलेत, जीभ बाहेर वळली आहे, जबडा जाईल तितका उघडलाय. गर्जना करताना सिंह डोकं पुढे काढतो, तोंड अर्धवटच उघडतो, आणि जोर सगळा पोटात असतो. बरगड्या आत जाताना दिसतात. आठ किलोमीटरवर ऐकू जाणारा आवाज तिथून निघतो. फोटोत ती गर्जना बहुतेक वेळा अगदी साधी दिसते, हीच तर पंचाईत.

तिसराही प्रकार आहे. नाक मुरडलेलं, वरचा ओठ वर खेचलेला, दात उघडे. लोक लिहितात 'चवताळलेला'. खरं तर त्याने नुकतीच कुणाची तरी मुताची खूण हुंगलेली असते आणि तो वास टाळूतल्या इंद्रियापर्यंत ओढून घेत असतो. इंग्रजीत त्याला फ्लेमेन म्हणतात.

वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पहिल्या सिंहाच्या फोटोखाली मी 'डरकाळी' लिहिलं होतं. म्हणजे जांभई ओळखली नाही, आणि डरकाळी वाघाची, गर्जना सिंहाची, एवढं मराठीही ओळखलं नाही. तो फोटो दोन वर्षं दिवाणखान्यात होता. पाहुण्यांपैकी कुणी बोललं नाही, हे मला अजून लागतं.

प्रश्न : नाकावर जुनी जखम आणि तोंडावर माश्या होत्या. फोटो खराब दिसत होता म्हणून सॉफ्टवेअरने सगळं पुसलं. आता चेहरा स्वच्छ आलाय. हे चालतं ना?

उत्तर : घरात लावायला चालतं. 'सिंहाचा फोटो' म्हणून दुसऱ्याला दाखवायला माझ्या मते नाही. मिशांच्या मुळाशी जे ठिपके असतात, त्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी असते आणि जन्मभर तीच राहते. अभ्यासक त्यावरून, कानाच्या फाटक्या कडांवरून, नाकावरच्या व्रणांवरून एकेक सिंह ओळखतात. नाकाचा रंगसुद्धा बोलतो : तरुणपणी गुलाबी, वय वाढेल तसं काळे डाग चढत जातात. तुम्ही माश्या पुसताना ब्रश मिशांवरून फिरवलाय, डावीकडचे ठिपके गायब आहेत, आणि नाक सलग गुलाबी केलंय. म्हातारा नर होता तो. तुम्ही त्याला तरुण केलंत आणि वर त्याची ओळखही पुसलीत.

माश्या राहू द्या. सिंह जिथे असतो तिथे माश्या असतात.

प्रश्न : देवळियाला काढलेला फोटो 'गीरच्या जंगलातला' म्हणून स्पर्धेला पाठवला तर चुकतं का? शेवटी सिंह तोच ना.

उत्तर : चुकतं. देवळिया हे गीरचं कुंपण घातलेलं सफारी उद्यान आहे. तसं लिहून पाठवा, कुंपणातल्या फोटोंना कमीपणा नाही. लपवलंत तर आहे. निकोल्सना ज्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, त्याच स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च बक्षीस मिळालं होतं. लांडगा बहुधा पाळीव, शिकवलेला आहे असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. फोटो आजही देखणाच आहे.

प्रश्न : ४०० मिलिमीटरची लेन्स, तरी एकही फोटो खणखणीत शार्प नाही. लेन्स बदलू का?

उत्तर : नको. तुमच्या शटरचा वेग १/२०० सेकंद आहे. चालत्या सिंहाला १/१००० तरी ठेवा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका. थोडे दाणे आले तर चालतं, हललेला डोळा चालत नाही. गाडीचं इंजिन बंद करायला सांगा, लेन्सखाली बीनबॅग घ्या. तीन आणि सहा क्रमांकाच्या फोटोंत फोकस डोळ्याऐवजी पुढच्या गवताच्या काडीवर गेलाय, तिथे फोकसचा बिंदू स्वतः निवडा. आणि दुपारी लांबून काढलेले जे लहरल्यासारखे आलेत, त्यात दोष जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेचा आहे. तिला कुठलीच लेन्स भेदत नाही.

प्रश्न : सोबतचा फोटो आयुष्यातला सर्वोत्तम आहे असं सगळे म्हणतात. सिंहीण इवलंसं पिल्लू तोंडात धरून चालली आहे, सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. आमच्या चार गाड्या वीस मिनिटं तिच्यासोबत होत्या, तेव्हा कुठे समोरून मिळाला. मुखपृष्ठाला चालेल का?

उत्तर : प्रकाश उत्तम. डोळे उत्तम. पिल्लाचे अंगावरचे ठिपकेही स्पष्ट. फोटो म्हणून मला त्यात एकही चूक काढता आली नाही, आणि तरीही मी तो छापणार नाही.

सिंहीण व्यायल्यावर साधारण सहा-आठ आठवडे पिल्लांना कळपापासून दूर, झुडपात लपवून ठेवते. मधूनमधून जागा बदलते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. तुम्हाला ती दिसली ती यातल्याच एखाद्या खेपेत. बाकीची पिल्लं त्या वेळी कुठेतरी एकटी होती. आणि तुम्हाला फोटो समोरून मिळाला याचा अर्थ एखादी गाडी तिच्या वाटेत पुढे गेली. तिचे कान बघा, मागे चपटे झालेत. शेपूट हवेत आडवी आहे, म्हणजे आपटत होती. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, गाडीकडे बघतेय.

तुम्ही एकटे दोषी नाही. गाडी कुठे न्यायची ते बहुतेक वेळा चालक ठरवतो आणि मागे बसलेल्यांना खूश ठेवणं त्याला भाग असतं. पण 'थांबा, जाऊ दे तिला' हे मागे बसलेला माणूसच म्हणू शकतो. मी स्वतः हे म्हणायला बरीच वर्षं घेतली, तेव्हा उपदेश म्हणून घेऊ नका.

तिच्या पाठमोऱ्या चालीचा, झुडपात शिरतानाचा एखादा फोटो आहे का? असेल तर पाठवा. तो छापीन.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांच्या चुका काढता. तुमचा स्वतःचा आवडता सिंहाचा फोटो कोणता?

उत्तर : आपल्या भाषेत सिंहावलोकन असा शब्द आहे. चालता चालता सिंह थांबतो, मान वळवून मागे बघतो. तो क्षण मिळावा म्हणून एका संध्याकाळी गीरमध्ये मी एका नराच्या मागे डोळे लावून बसले होते. तो आमच्यापासून दूर, गाडीवाटेने सागाच्या वाळक्या पानांतून निघाला होता. आता वळेल, मग वळेल. कॅमेरा धरून हात थरथरायला लागले. तो काही वळला नाही. शेवटच्या वळणावर मी न राहवून एकदाच बटण दाबलं.

फोटोत त्याची पाठ आहे, धूळ आहे, कडेला उतरतं ऊन आहे. थोडा हललाय. शेपटीचा गोंडा मात्र पूर्ण आलाय.