ते तुझे पणजोबा नाहीत, बेटा

प्रिय बेटा,

काल फोनवर तू विचारत होतीस तेव्हा मी नागपूरच्या दीक्षाभूमीच्या गर्दीत होते. "घरी जाऊन सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. घरी आले तेव्हा कॅनडात तुझी शाळेची वेळ झाली होती. म्हणून लिहूनच पाठवते. अवघड शब्द अडला तर बाबांकडून वाचून घे.

शाळेत तुला "माझ्या घरचा हिरो" यावर लिहायचं होतं. तू हॉलमधल्या फोटोवर लिहिलंस, निळा कोट, गोल चष्मा, हे माझे पणजोबा. बाबांनी सांगितलं की ते पणजोबा नाहीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. मग तू मला विचारलंस, "आई, तू तर त्यांना कधी भेटलीसुद्धा नाहीस, मग ते तुझे हिरो कसे? आणि आपण देव मानत नाही म्हणतेस, तर त्यांच्यासमोर मेणबत्ती का लावतेस?"

तुझी चूक कशी झाली ते मला कळलं. आजी व्हिडिओ कॉलवर नेहमी म्हणते, "हे सारं बाबानं दिलं." घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसंच ती बोलते. इकडच्या सगळ्या म्हाताऱ्या बायका तसंच बोलतात.

तू आता दहा वर्षांची आहेस. बाबासाहेबही १९०१ साली दहा वर्षांचे होते, तेव्हाची गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला नोकरीला होते आणि मुलं साताऱ्याला. वडिलांनी सुट्टीत बोलावलं म्हणून भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून, जरीच्या टोप्या घालून आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी आलेलं नाही. मुलं येणार हे सांगणारं पत्र वडिलांपर्यंत वेळेत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरांनी प्रेमाने विचारपूस केली, कोण रे तुम्ही? मुलं म्हणाली, महार. मास्तरांचा चेहराच बदलला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. सोबत खायला भरपूर होतं, पण प्यायला पाणी कोणी देईना. रात्री टोलनाक्यावर त्यांनी आम्ही मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. डबा भरलेला असताना मुलं उपाशी झोपली, कारण पाण्याशिवाय घास उतरत नाही.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा तुझ्यापेक्षा थोडी मोठी होते. आणि मी ती तुझ्या पणजीला मोठ्याने वाचून दाखवत होते.

पणजीला वाचता येत नव्हतं. उमरेडकडच्या एका खेड्यातली ती. विहिरीवर तिला हात लावायची परवानगी नव्हती. कोणी तरी वरून ओतेल तेव्हा पाणी, नाही तर दुपारपर्यंत मडकं रिकामं. पणजोबांकडे म्हारकी होती, म्हणजे मेलेली गुरं ओढायची, चावडीवर राबायचं आणि संध्याकाळी घरोघर भाकर मागायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, ती दोघं पायी चालत नागपूरला आली. पणजीकडे पांढरं लुगडं नव्हतं, शेजारणीचं मागून आणलेलं. लाखो माणसं होती. तिला बाबासाहेब दिसले ते एवढेसे, लांबून, पांढऱ्या कपड्यांत काठीला टेकून उभे. भदंत चंद्रमणींकडून त्यांनी आधी स्वतः बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लोकांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. पणजी सांगायची, "लाऊडस्पीकरातून आवाज ये, आन् आमी त्याच्यामागून बोलो. येवढे लोक एका तोंडानं बोलून राह्यले होते, मले वाटे जमीन बोलून राह्यली."

दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं तेही सांगितलं. बुद्धाचा धम्म नाग लोकांनी देशभर पसरवला, आणि हा त्यांचाच प्रदेश, नाग नदीचा. सीताबर्डीवरून जाताना तू नाक दाबलं होतंस ना, तीच ही नदी. दीक्षेनंतर त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचं निधन झालं.

गावी परतल्यावर पणजोबांनी म्हारकी सोडली. मेलेलं जनावर ओढायला नकार दिला आणि गावाने त्यांना काम देणं बंद केलं. एक उन्हाळा फार वाईट गेला. मग ते बिऱ्हाड उचलून नागपूरला आले, इंदोऱ्यात राहिले, पणजोबा मिलमध्ये लागले. तुझी आजी इथेच जन्मली, शाळेत गेली आणि शिक्षिका झाली. आपल्या घराण्यात तिच्याआधी कोणी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. माझं इंजिनिअरिंग, आपलं कॅनडाचं घर, सगळं त्यानंतरचं आहे.

आता पेटीचं सांगते, कारण खरं उत्तर तिथे आहे. आजीच्या खाटेखाली एक लोखंडी पेटी आहे, हिरवा रंग उडालेली. आज मी ती उघडली. आत पुस्तकं आहेत, बहुतेक पातळ, काहींना वाळवी लागलेली. पणजी दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवरून एक पुस्तक विकत घ्यायची. न वाचता येणारी बाई! पुस्तक उघडायची, बोट फिरवायची आणि विकणाऱ्याला विचारायची, "अक्षर जाड हाये का? पोरीले वाचता येईन का?" घरी आणून पहिल्या पानावर ज्याला लिहिता येईल त्याच्याकडून पेन्सिलीने साल लिहून घ्यायची. सुरुवातीच्या पुस्तकांवर शेजारच्या पोराचं अक्षर आहे. १९६६ पासून आजीचं, आधी वाकडंतिकडं, मग गोल गोल. १९९० पासून माझं. रात्री जेवणं झाली की पणजी म्हणायची, "वाच वं बाई, मले आयकू दे." पाणी न मिळालेल्या त्या मुलांची गोष्ट तिने माझ्याकडून कितीदा तरी वाचून घेतली. दर वेळी टोलनाक्यापाशी आलं की ती उठायची आणि माझ्यासमोर पाण्याचा गडवा आणून ठेवायची.

तर मी बाबासाहेबांना भेटले ती अशी. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही एक पुस्तक असंच आलं होतं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर या गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. एका मुलाच्या हातात पडलेलं ते पुस्तक, आणि ४९ वर्षांनी नागपूरचं मैदान. मधल्या काळात अमेरिका झाली, लंडन झालं, महाडचं चवदार तळं झालं, संविधान झालं. त्या सगळ्यावर तू मोठी झालीस की वाचशीलच. मला मात्र सगळ्यात जास्त त्यांची ही चिकाटी भावते. १९३५ साली येवल्यात त्यांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि मग एकवीस वर्षं ते वाचत राहिले, तपासत राहिले. घाई केली नाही आणि शब्दही मोडला नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्यासाठी, मुलगी म्हणून. जुलै १९४२ मध्ये इथे नागपुरातच दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि हजारो बायका जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं की मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभं राहावं, त्याची दासी होऊ नये. १९४२ साल! तेव्हा शिकलेल्या घरांतसुद्धा बायकांशी असं बोलणारे पुढारी फार थोडे होते.

तुझा मेणबत्तीचा प्रश्न मला जास्त आवडला, कारण तो बाबासाहेबांना आवडला असता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली व्यक्तिपूजा हा अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायावर वाहू नका. माझी पूजा करू नका असं सांगणारा पुढारी मला दुसरा सहज आठवत नाही. आणि हेही खरं की आपल्यातच काही जण त्यांना देव करून बसले आहेत, पुतळ्याच्या उंचीवर तासन्‌तास बोलतात आणि त्यांचं एक पानही वाचत नाहीत. त्याचा मला मनापासून त्रास होतो. मी मेणबत्ती लावते ती काही मागायला नाही. पणजीच्या घरात संध्याकाळी उजेड नसायचा आणि वाचायला तो लागायचा. मला मेणबत्ती म्हटलं की तेच आठवतं. तुला लावावीशी वाटली नाही तर लावू नकोस.

आजी फोन उचलला की "जयभीम" म्हणते ते का, हेही तू मागे विचारलं होतंस आणि राहूनच गेलं होतं. तो नमस्कार रूढ केला कामठीच्या बाबू हरदासांनी, इथून जवळच आहे कामठी. ते बाबासाहेबांच्या चळवळीतले कार्यकर्ते होते, १९३७ च्या निवडणुकीत निवडून आले आणि दोनच वर्षांत, ऐन तरुण वयात गेले. आधी आपल्या लोकांना समोरच्यापुढे वाकून जोहार म्हणावं लागायचं. जयभीम सरळ उभं राहून म्हणता येतं.

कालची गर्दी तू पाहायला हवी होतीस. मुलं खांद्यावर घेतलेले बाप, पांढऱ्या साड्यांतल्या आज्या, रस्तोरस्ती फुकट जेवण वाढणारी मंडळं. आणि पुस्तकांची दुकानं, संपतच नाहीत अशी. एका दुकानात माझ्या पुढे एक म्हातारी पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून विचारत होती, अक्षर मोठं आहे का. मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले.

तुझा निबंध खोडू नकोस. फक्त "पणजोबा" काढ आणि तिथे काय लिहायचं ते तूच ठरव.

तुझ्यासाठी एक पुस्तक घेतलं आहे, जाड अक्षराचं, मराठीतलं. आजीने पहिल्या पानावर पेन्सिलीने साल लिहिलं आहे. खाली नावाची जागा मोकळी ठेवली आहे. म्हणाली, ते तिच्या हाताने लिहू दे.

जयभीम,
तुझी आई