काविळीला खोकला नसतो

*मावशी, नमस्कार. मी 34 वर्षांची, नाशिकला राहते, बँकेत नोकरीला आहे. महिनाभर खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप होता, सात किलो वजन उतरलं. थुंकी तपासली तर फुप्फुसाचा टीबी निघाला. नेहमीची औषधं लागू पडतील असा रिपोर्ट आहे. गोळ्या सुरू होऊन आठ दिवस झाले. डॉक्टरांनी दोन आठवडे घरीच, वेगळ्या खोलीत राहायला सांगितलंय.*

*मी गेली पाच वर्षं रोज धावते. 21 किलोमीटरची शर्यत तीनदा पुरी केली आहे. आता चार भिंतींत जीव घुसमटतो. पहाटे साडेपाचला, कुणी नसताना, गोदापार्कवर एक फेरी मारून यावी असं फार वाटतं. नवरा म्हणतो, अजिबात नाही, आपल्यामुळे चार लोकांना लागण झाली तर? त्याचं बरोबरच आहे. तो फार सांभाळून घेतो. चहा-जेवण दाराशी आणून ठेवतो, चार वर्षांच्या लेकीचं सगळं करतो. बिल्डिंगमध्ये त्याने कावीळ झाल्याचं सांगितलंय. शेजारच्या काकू रोज उसाचा रस पाठवतात, त्याची लाज वाटते. माझ्या खोलीची खिडकी त्यांच्या गॅलरीला लागून आहे, म्हणून ती लावूनच ठेवलीय, पण पंखा आहे. लेक रात्री दहा मिनिटं गोष्ट ऐकायला येते, तेवढंच. पहाटे बाहेर पडले तर तो माझा स्वार्थ होईल का?*

*— घुसमटलेली*

अगं, आधी ऊठ आणि ती खिडकी उघड. पुढचं मग वाच.

उघडलीस? आता बस.

तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, मी ते कापून छापलंय. चारही पानांवर गोदापार्क आहे. पहाटेचा गारवा आहे, बुटांचा नवा जोड आहे, नवऱ्याचं कौतुक तर तीन ठिकाणी आहे. खिडकी एका ओळीत येऊन जाते, आणि तिच्या मागे लगेच ‘पण पंखा आहे’ असं लावलंयस. शाळेतल्या मुलीने ‘गृहपाठ नाही केला, पण वही आणलीय’ म्हणावं तसं. मी ती ओळ दोनदा वाचली, मग घरातल्या माणसांना वाचून दाखवली.

कावीळ का सांगितली, ते मला कळतं. टीबी म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. कावीळ म्हटलं की उसाचा रस पाठवतात. पण काविळीला खोकला नसतो. काकू गॅलरीत कपडे वाळत घालताना तुझी ढास ऐकणार, आणि ‘ही कसली कावीळ?’ असं त्यांच्या मनात येणार. म्हणून खिडकी लावली. एक थाप पचवायला खोलीतली हवा कोंडली, एवढाच त्या बंद खिडकीचा इतिहास आहे. डॉक्टरांनी ती लावायला सांगितली नव्हती. कुठलाच डॉक्टर सांगणार नाही.

आता हा आजार पसरतो कसा, ते ऐक. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात एक प्रयोग झाला. टीबीच्या वॉर्डातली हवा नळीवाटे वरच्या बाजूला नेली आणि जिथे गिनीपिग ठेवले होते तिथे सोडली. त्या प्राण्यांनी पेशंटचं तोंड पाहिलं नव्हतं, उष्टं खाल्लं नव्हतं, कुणाच्या अंथरुणाला शिवले नव्हते. त्यांना मिळाली ती फक्त हवा, आणि तिच्यातून त्यांना टीबी झाला. दुसऱ्या एका गटाला तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दिली. ते गिनीपिग वाचले.

तुझी ताट-वाटी वेगळी केली असेलच, नाही का? चहाचा कप वेगळ्या फडक्याने पुसत असतील. या आजारात ताटाने काही होत नाही. तू खोकतेस तेव्हा अगदी बारीक कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. तुझा पंखा त्यांना बाहेर काढत नाही, नुसता गरगरा फिरवतो. मोकळ्या मैदानात तेच कण क्षणात विरून जातात, आणि ऊन असेल तर जंतू तग धरत नाही.

म्हणजे तुमच्या घरात सगळं उलटं चाललंय बघ. नदीकाठच्या हवेत, पहाटे, एकट्या चालणाऱ्या बाईपासून ‘चार लोकांना’ वाचवायला नवरा दारात उभा आहे. आणि जिथे खरी भीती, त्या बंद खोलीत चार वर्षांची पोर रोज रात्री दहा मिनिटं श्वास घेते आहे. ‘तेवढंच’ म्हणे!

तो गुणी आहे, चहा आणतो, पोरीचं बघतो. बरं. घरच्या आजारी माणसाला चहा देणाऱ्या बाईचं कौतुक करणारं पत्र मला आजवर आलेलं नाही, म्हणून त्याचंही मी करणार नाही. त्याला ‘चार लोकांना लागण’ होण्याची काळजी आहे असं तू लिहितेस. मला वाटतं, त्याला चार लोकांनी बघण्याची काळजी आहे. लागणीची असती तर खिडकी त्यानेच पहिल्या दिवशी उघडली असती.

पत्रात आणखी एक गोष्ट नाहीच. घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का? लेकीला प्रतिबंधक औषध सुरू केलं का? तू त्याबद्दल अक्षर लिहिलेलं नाहीस, आणि का नाही याचा मला अंदाज आहे. आरोग्य केंद्रातून कुणी घरी यायचं म्हणजे जिन्यात विचारपूस होणार, मग काविळीचं काय करायचं? बाई गं, पाच वर्षांखालच्या मुलांत हा आजार मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. सरकारी कार्यक्रमात घरातल्या माणसांची तपासणी आणि आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या, दोन्ही मोफत मिळतात, आणि एवढ्या लहान मुलाला तर त्या द्यायच्याच असतात. हे उद्या. परवा नाही. आणि हे काम त्याचं. तो पोरीला कडेवर घेऊन जाईल, आणि बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं तर काय सांगायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

उगाच घाबरवत नाही तुला. औषध लागू पडणारं असलं की पहिल्या काही दिवसांतच तुझ्याकडून होणारा संसर्ग झपाट्याने उतरतो. लेकीला धोका झाला असेल तर तो बहुतेक त्या गोळ्यांआधीच्या महिन्यात, तू नुसतं ‘सर्दी-खोकला’ म्हणत होतीस तेव्हा. 1950च्या दशकात मद्रासला गरीब, दाटीवाटीच्या घरांतल्या पेशंटना दोन गटांत वाटून बघितलं होतं. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा घरीच, औषधं दोघांना सारखीच. 1959 साली निकाल आले. घरी राहिलेले सॅनेटोरियमवाल्यांइतकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. घरी राहून बरं होता येतं हे तिथून जगाने घेतलं. घरी राहा म्हणजे कोंडून घे, असं मात्र त्यातून कुणी काढलं नव्हतं.

आणि सॅनेटोरियम तरी काय होतं? पाचगणी, मिरजेजवळची वानलेसवाडी ही नावं माझ्या आजीच्या पिढीत दबक्या आवाजात घेतली जायची. तिकडे गेलेलं माणूस परत येईल की नाही, याची खात्री नसायची. औषध नव्हतं तेव्हा अशा ठिकाणी होतं काय, तर हवा. खाटा वऱ्हांड्यात मांडायच्या, थंडीतसुद्धा, गळ्यापर्यंत घोंगडी ओढून. ताप उतरला की थोडं थोडं चालवायचं. ती माणसं औषधावाचून हवेच्या भरवशावर जगली आणि तू औषध असताना हवा बंद करून बसलीस!

आता तुझा प्रश्न. जा. चालायला जा, धावायला नको. सात किलो उतरलेल्या शरीराने धावणं म्हणजे घरातलं फर्निचर जाळून पाणी तापवणं. पहिले दोन महिने तरी घड्याळ आणि किलोमीटर विसर. ताप असेल त्या दिवशी जायचं नाही. धाप लागली तर बसायचं, खोकल्यातून रक्त दिसलं तर तडक डॉक्टर. बिल्डिंगमध्ये मास्क लावून जिन्याने उतर, लिफ्ट टाळ, कारण लिफ्ट म्हणजे तुझ्या खोलीचंच धाकटं भावंड. मोकळ्यावर आजूबाजूला कुणी नसलं की मास्क खाली केलास तरी चालेल. धावण्याच्या ग्रुपमधलं कुणी भेटलं तर लांबून हात कर आणि पुढे हो, चहाच्या टपरीवर थांबू नकोस. निघण्याआधी डॉक्टरांना एक फोन कर, पण प्रश्न नीट विचार. ‘बाहेर जाऊ का?’ म्हटलंस तर ते नाहीच म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बँकेचा काउंटर आणि भरलेली बस येईल. ‘मोकळ्या जागी, एकटी, अर्धा तास हळू चालू का?’ असं विचार.

लेकीची गोष्ट बंद करायची नाही, जागा बदलायची. गच्चीवर सांग. तू मास्क लावून एका कडेला, ती बाबाच्या मांडीवर चार हात लांब. पाऊस असेल त्या दिवशी फोनवर. तिला गच्चीवरची जास्त आवडेल, उतरायला मागणार नाही ही अडचण तेवढी होईल.

खोलीचं दार लावलेलं ठेव, खिडकी सताड उघडी. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे कर, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. हॉलच्या खिडक्याही उघड्या राहू देत. डासांचं मला सांगू नकोस, जाळी मिळते.

आणखी एक. या गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याला घाबरू नकोस. पण त्याच गोळ्यांनी कधी कधी खरीखुरी कावीळ होते. डोळे पिवळे वाटले, अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठ. आता विचार कर, खरंच तसं झालं तर बिल्डिंगमध्ये काय सांगणार आहात? टीबी?

खिडकी उघडी राहिली की काकूंना खोकला ऐकू येणार. येऊ दे. एक दिवस त्या गॅलरीतून विचारतीलच, तेव्हा खरं सांग, खिडकीतूनच सांग. जगातल्या दर चार क्षयरोग्यांतला एक आपल्या देशातला आहे. काकूंच्या माहेरी नाही तर सासरी कुणीतरी निघेल, आणि त्या ते तुला लगेच सांगतील. आठ दिवस रोज रस पाठवणारी बाई टीबी ऐकून दार लावेल असं मला वाटत नाही. माझा अंदाज चुकला तर मला लिही, पण खिडकी लावू नकोस.

आणि रस पुरे म्हणावं. त्यापेक्षा दोन उकडलेली अंडी पाठवतात का बघ. अंडी चालत नसतील त्यांच्याकडे, तर दाण्याचे लाडू.