करडं पटापट मरत असतील तर दुकानातली सुई थांबवा

प्रश्न (तालुका कागल): ईदसाठी करडं तयार करतोय, मक्याचा भरडा वाढवला. दोन दिवसांत तीन धष्टपुष्ट करडं मान मागं टाकून, पाय झाडत मेली. दुकानदारानं जेंटामायसिन दिलंय. बाकीच्यांना किती टोचू?

उत्तर: एक थेंबही नको. लक्षणं आंत्रविषाराची आहेत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू निरोगी शेळीच्या आतड्यातही असतो. भरडा एकदम वाढला किंवा पहिल्या पावसाचं कोवळं गवत भरपूर मिळालं की तो बेसुमार वाढतो आणि विष सोडतो. म्हणूनच कळपातलं सगळ्यात खादाड करडू आधी जातं.

जेंटामायसिन हे जंतू मारायचं औषध (प्रतिजैविक) यावर चालत नाही. हा जंतू ऑक्सिजनविना वाढतो आणि या औषधाला जंतूत शिरायलाच ऑक्सिजन लागतो. दुप्पट टोचलं तरी जंतू तसाच, जनावराची मूत्रपिंडं मात्र जातील. पेनिसिलिन लागू पडतं, पण आधीच सुटलेलं विष त्यानं निघत नाही. तेही डॉक्टरांनीच द्यायचं. दुकानदार डॉक्टर नाही, हे किती वेळा सांगायचं?

भरडा आजच बंद करा, कडबा टाका. आजारी करडासाठी जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला, 1962 ला, फोन लावा.

पुढचं मेलं तर पुरू नका, काही तासांत शवविच्छेदन करून घ्या. आतडं लालभडक आणि हृदयाभोवती पाणी दिसतं. मेंढरात मूत्रपिंड लिबलिबीत होतं, शेळीत होईलच असं नाही. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रॅमच्या रंगानं जांभळे दिसणारे, कांडीसारखे जंतू दिसले एवढ्यावर निदान होत नाही, ते निरोगी आतड्यातही दिसतात. विष सापडायला हवं. त्यासाठी आतड्यातला द्रव बर्फात ठेवून दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेत पाठवा.

खरा इलाज लस. मे महिन्यात, पावसाआधी. पहिल्यांदा देताना 15 दिवसांच्या अंतरानं दोन मात्रा, मग दरवर्षी. दुसरी मात्रा बहुतेकजण टाळतात आणि मग लसच खोटी म्हणतात! गाभण शेळीला विण्याच्या महिनाभर आधी दिली तर चिकातून करडाला संरक्षण मिळतं. लस 2 ते 8 अंशांत ठेवा, गोठली तर फेकून द्या. पाऊस लागून मरतूक सुरू झाल्यावर टोचलेली लस त्या आठवड्यात काही वाचवत नाही.

विमा असेल तर कानातला बिल्ला आणि शवविच्छेदनाचा दाखला लागेल. बाकी कागदांचं दवाखान्यात विचारा.