लग्नाच्या लॉन्सवर एरेटर कुठला अन् कधी चालवायचा?

प्रश्न : आमचं लग्नाचं लॉन्स आहे, अर्धा एकर हिरवळ, खाली काळी चिकट जमीन. सीझनभर मांडव, खुर्च्या, केटरिंगच्या गाड्या, त्यामुळं जमीन पार आवळून गेलीय, पाणी वरच तुंबतं अन् गवत पिवळं पडायलंय. मिनी ट्रॅक्टर घरचा आहे, त्याच्यामागं ओढायचा एरेटर, म्हणजे जमिनीत भोकं पाडून ती मोकळी करणारं अवजार, घ्यावा म्हणतो. इथला वेल्डिंगवाला खिळ्यांचा रोलर स्वस्तात करून देतो म्हणायलाय, पोकळ नळ्यांचा रेडीमेड महाग जातो. कुठला घ्यावा? त्यावर वजन किती ठेवावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : भाऊ, चार पैसे जास्त गेले तरी पोकळ नळ्यांचाच घ्या. खिळा माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबतो, अन् आपल्या काळ्या मातीत त्या भोकाच्या भिंती उलट अजून घट्ट होतात. नळी मातीचा तुकडाच उपटून वर टाकते, बोटाएवढा जाड, दोन-तीन इंच लांब, म्हणून बाजूच्या मातीला सैल व्हायला जागा मिळते.

घेण्याआधी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. एरेटर त्याहून थोडा रुंदच पाहिजे, नाहीतर चाकानं दाबलेला पट्टा तसाच राहतो. नळ्या बोल्टनं बदलता येतात का अन् वळताना वर उचलता येतात का तेही बघा, खाली टेकलेल्या नळ्या घेऊन वळलात तर हिरवळ सालटं काढल्यासारखी फाटते.

वजनाचं म्हणाल तर एरेटरवरच्या ट्रेमध्ये सिमेंटचे दोन ब्लॉक पट्ट्यानं बांधा, थोडं चालवा, बाहेर पडलेला तुकडा मोजा, दोन इंचाच्या आत असला तर कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेपर्यंत वजन वाढवत जा. तरी नळ्या घुसत नसतील तर जमीन कोरडी आहे, वजन लादून नळ्याच वाकतील.

खरी मेख वापशात, म्हणजे जमिनीत ओल ना जास्त ना कमी अशा वेळेत आहे. दोन इंच खालची माती मुठीत दाबा, गोळा झाला अन् अंगठ्यानं दाबल्यावर फुटला तर ट्रॅक्टर काढा. गोळा न फुटता चपटा झाला, बोटाला चिकटला तर थांबा, ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर जमीन सैल व्हायच्या ऐवजी अजूनच दबते अन् नळ्यांत चिखल गच्च बसतो तो वेगळाच. आपल्याकडं पावसाळ्यात उघडीप मिळतेच, तेव्हा चातुर्मासात लग्नं नसतात, लॉन्स रिकामं असतं अन् गवतही जोमात वाढतं. ती वेळ सोडू नका. तुळशीच्या लग्नानंतर तारखा लागल्या की गवताला सावरायला सवड राहत नाही, अन् मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर हा उद्योग करायचाच नाही.

स्प्रिंकलरच्या तोंडांजवळ आधी झेंड्या रोवा. मग हळू गिअरमध्ये एकदा उभं, एकदा आडवं चालवा. निघालेले तुकडे गोळा करून फेकू नका, तिथंच राहू द्या, अर्धवट सुकले की दाताळ्याच्या पाठीनं फोडा, पूर्ण वाळले तर काळ्या मातीचे खडे होतात, मग फुटता फुटत नाहीत. वरून चाळलेलं कुजकं शेणखत नाहीतर गांडूळ खत पसरून झाडूनं भोकांत ढकला अन् पाणी द्या. चिकट जमीन आहे म्हणून नुसती वाळू मिसळायच्या नादी लागू नका, थोड्या वाळूनं चिकणमाती मोकळी होत नाही.

अन् केटरिंगच्या गाड्यांसाठी कडेनं मुरुमाचा रस्ता करून घ्या, गाड्या हिरवळीवर येत राहिल्या तर दरवर्षी हेच करत बसावं लागेल.