नार्सिसिस्ट नगरसेवकाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या नगरसेवकाविषयी एक निवेदन लिहितो आहे. त्यात “सदर गृहस्थ स्वमग्न असून पदासाठी अनफिट आहेत” असं वाक्य आहे. नार्सिसिस्टला स्वमग्न चालेल का? आणि अनफिटला अपात्र लिहू की नालायक?’

नार्सिसिस्ट म्हणजे स्वतःच्याच प्रेमात पडलेला माणूस. त्याच्यासाठी लिहिलेला ‘स्वमग्न’ आधी खोडा. शब्दाची फोड केली तर तो बरोबर वाटतो, पण ती जागा आता भरलेली आहे. ऑटिझमसाठी मराठीत ‘स्वमग्नता’ रूढ झाला आहे; पालक, शिक्षक, डॉक्टर सगळे तो त्याच अर्थाने वापरतात. त्याचा गर्वाशी, मिरवण्याशी काडीचाही संबंध नाही. एखाद्या फुशारक्या मारणाऱ्या पुढाऱ्याला स्वमग्न म्हणण्याने पुढाऱ्याचं काही बिघडत नाही, अपमान होतो तो भलत्याच कुणाचा तरी.

‘आत्ममग्न’ही फार मऊ आहे. तो आपण विचारात हरवलेल्या माणसाला लावतो, आणि त्यात थोडं कौतुकच असतं. ‘आत्मरत’ सुचवणारेही बरेच भेटतील. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या 17व्या श्लोकात ‘आत्मरति’ हे ज्ञानी पुरुषाचं लक्षण म्हणून येतं: जो आत्म्यातच रमतो, त्यातच तृप्त असतो. त्या श्लोकाचा शेवट ‘तस्य कार्यं न विद्यते’ असा आहे, म्हणजे त्याला करण्यासारखं काही काम उरत नाही. तेवढाच भाग तुमच्या नगरसेवकाला लागू पडत असेल तर गोष्ट वेगळी.

नार्सिसिस्ट हा शब्द ज्या ग्रीक कथेतल्या नार्सिससवरून आला, तिच्याशी इमान राखायचं तर ‘आत्ममुग्ध’ सगळ्यात जवळचा. तळ्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेला नार्सिसस मुग्धच होता, दोन्ही अर्थांनी: मोहित आणि भोळा. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या कथेत त्याला आधी कळतही नाही की पाण्यात दिसतो तो आपणच आहोत. पण गंमत पाहा, या नार्सिससला लोकांची गरज नाही. तो तळ्याकाठी एकटाच झुरत राहतो. राजकारणी माणसाला असं एकटं बसून भागत नाही, त्याला समोर माणसं लागतात. त्याच कथेत एको नावाची एक अप्सरा आहे. तिला शाप असा, की स्वतःहून काही बोलता येणार नाही, दुसऱ्याच्या वाक्याचं शेपूट तेवढं पुन्हा म्हणता येईल. आपल्याकडे याला ‘री ओढणं’ म्हणतात आणि असं करणाऱ्यांना ‘होयबा’. तुमच्या निवेदनाचा विषय नुसता नार्सिसस नाही, तर नार्सिसस आणि त्याचे होयबा असा आहे, असं मला वाटतं. तळं काय, कुणालाही मिळतं; एको जमवायला मात्र हाती पद असावं लागतं.

म्हणून आत्ममुग्धच्याही पुढे जाऊन दोन जुने शब्द सुचवतो.

पहिला ‘अहंमन्य’. हा अजून वापरात आहे. त्याचा भाऊ ‘पंडितंमन्य’, म्हणजे जो पंडित असेल-नसेल, पण स्वतःला पंडित मानतो तो. स्वतःला काहीतरी मानून घेण्याची खोड इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक, की पाणिनीने तिच्यासाठी वेगळं सूत्र ठेवलं: ‘आत्ममाने खश्च’ (3.2.83). व्याकरणात गर्वासाठी खास सोय! हा ठसा हाताशी असल्यावर हवे ते शब्द पाडता येतात. फलकावर स्वतःच छापून घेतलेल्या ‘कार्यसम्राट’ला मी खासगीत ‘सम्राटंमन्य’ म्हणतो. निवेदनात नका लिहू.

दुसरा शब्द गीतेच्याच सोळाव्या अध्यायातला, ‘आत्मसंभावित’. आसुरी वृत्तीच्या माणसांचं वर्णन करताना 17व्या श्लोकाच्या सुरुवातीलाच तो येतो. संभावना म्हणजे मानसन्मान. (मराठीने पुढे ‘चांगलीच संभावना केली’ असं म्हणत त्याचं पार उलटं करून टाकलं, ते असो.) शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ सांगितला आहे तो मला बेहद्द आवडतो: स्वतःच स्वतःचा गौरव केलेले, सज्जनांनी केलेले नव्हेत. इथे प्रश्न माणसाच्या मनात काय चाललंय हा नसून सन्मान दिला कुणी हा आहे, आणि त्याचं उत्तर बाहेरून तपासता येतं. फलकाचा खर्च कुणी केला ते विचारलं की झालं.

या शेवटच्या मुद्द्यापाशी जरा थांबतो, कारण तुमच्या वाक्यातली खरी अडचण शब्दाची नाहीच. नार्सिसिझम हे नाव 19व्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या मनोवैद्यकात आलं, 1914 साली फ्रॉइडने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि 1980 मध्ये अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो व्यक्तिमत्त्वविकार म्हणून नोंदला गेला. आज त्या पुस्तिकेत नऊ लक्षणं आहेत आणि निदानाला त्यांपैकी किमान पाच लागतात, तीही तज्ज्ञाने माणसाला तपासून ठरवायची. सभेत माइक न सोडणं हा निकष नव्हे.

तज्ज्ञही यात फसले आहेत. 1964 साली अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने 12,356 मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं की हा माणूस त्या पदाला मानसिकदृष्ट्या योग्य आहे का. 2,417 जणांनी उत्तरं दिली, त्यातल्या 1,189 जणांनी ‘नाही’ म्हटलं. ते त्यांना तपासून नव्हे, दुरून. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण अब्रुनुकसानीचा दावा जिंकले. पुढे 1973 मध्ये संघटनेने नियमच केला की न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीबद्दल असं मत द्यायचं नाही. डॉक्टरांना जे निषिद्ध, ते निवेदनाच्या तिसऱ्या ओळीत आपण कशाला करावं?

आता अनफिट. ‘लायक’ अरबीतून आलेला, त्याला फारसी ‘ना’ लागून ‘नालायक’ झाला. शब्दशः अर्थ ‘योग्यता नसलेला’ एवढाच, पण मराठीत तो बापाने पोराला घालायची शिवी होऊन बसला आहे. निवेदनात तो आला की वाचणाऱ्याला तुमचा राग दिसतो, मुद्दा दिसत नाही. ‘अनर्ह’ आणि ‘अपात्र’ यांना कायद्याचा वास आहे: वय, थकबाकी, शिक्षा असल्या ठरलेल्या कारणांवरून कुणी अधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने माणूस अपात्र ठरवायचा असतो. गर्व त्या यादीत बसणार नाही. शिवाय ‘पात्र’ म्हणजे भांडंही आणि नाटकातलं सोंगही. ‘काय पात्र आहे!’ असं आपण म्हणतो तेव्हा गुणवत्तेचं प्रमाणपत्र देत नसतो. तेव्हा अपात्र कमी आणि पात्र जास्त, अशीच काही माणसं असतात. उरला ‘अयोग्य’. तो बेचव आहे खरा, पण मत म्हणून लिहायला तोच बरा.

त्याहून बरं म्हणजे विशेषण टाळून क्रियापदांकडे पाहणं. मध्यंतरी एका लोकप्रतिनिधीचा कार्यअहवाल मुद्रितशोधनासाठी माझ्याकडे आला होता. आठ पानांत ‘मी’ किती वेळा आला ते मोजायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर सोडून दिलं. रस्ता मी केला. टाकी मी बांधली. दिवे मी लावले. सातव्या पानावर अचानक: ‘गटाराचे काम राहून गेले.’

आता हे व्याकरणात बघा. ‘मी रस्ता केला’ हा कर्मणी प्रयोग आहे. ‘केला’ हे क्रियापद रस्त्याप्रमाणे चालतं, ‘बांधली’ टाकीप्रमाणे, ‘लावले’ दिव्यांप्रमाणे. त्या जागी तिने घाला, ठेकेदाराने घाला, जनतेने घाला. क्रियापद जागचं हलत नाही. सगळ्या वाक्यात मीच मी, आणि क्रियापद मात्र त्या ‘मी’ला ओळखसुद्धा दाखवत नाही! उलट ‘काम राहून गेले’ हा सरळ कर्तरी प्रयोग, आणि कर्ता कोण, तर काम. म्हणजे राहण्याची करणी कामाची स्वतःची, साहेबांचा त्यात हात नाही. दिवे लावणारा हात दिसतो, गटार सोडणारा दिसत नाही. (‘दिवे लावले’चा मराठीत दुसरा अर्थ काय होतो हे मी समासात लिहून पाठवलं होतं. ते वाक्य तसंच छापून आलं.)

असले पुरावे तुमच्या नगरसेवकाच्या भाषणांत आणि पत्रकांत हमखास सापडतील. ते जमवा. प्रश्न विचारणाऱ्याला कितीदा खाली बसवलं, दुसऱ्याच्या कामाच्या उद्घाटनाच्या पाटीवर आपलं नाव कधी घातलं, टीका करणाऱ्या वस्तीचं काम किती महिने अडलं, याच्या तारखा लिहा. मग तुमचं वाक्य काहीसं असं होईल:

‘गेल्या चार सभांत आम्ही विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर सदस्यांनी दिलेले नाही, तीन वेळा प्रश्नकर्त्यास बोलू दिले नाही. मंजूर झालेले गटाराचे काम त्यांनी सुरू केलेले नाही. या वर्तनामुळे ते या पदास योग्य नाहीत, असे आमचे मत आहे.’

‘त्यांनी सुरू केलेले नाही’ यातला ‘त्यांनी’ तेवढा गाळू नका. आणि ‘सदर गृहस्थ’ही काढा, ‘सदस्य’ पुरे.